अमेरिकेत रिक्रिएशन, स्पोर्ट अँड टुरिझमच्या मास्टर्सला ॲडमिशन घेण्यासाठी कन्सल्टन्सीचं फुल पॅकेज घेतलं, त्याचा रिव्ह्यू

पाचपैकी अडीच स्टार. दोन व्हिसाच्या तयारीचे, अर्धा फोन उचलतात म्हणून. नाव टाकत नाहीये, कारण ग्रुपवर विचारलं तर बाकीच्या कन्सल्टन्सीजचे अनुभवही साधारण असेच निघाले, त्यामुळे एकालाच झोडपण्यात अर्थ नाही.

आधी कोणासाठी लिहितोय ते सांगतो. तुम्हाला अमेरिकेत कॉम्प्युटर सायन्स किंवा एमबीए करायचं असेल तर हा रिव्ह्यू सोडून द्या, तुमच्यासाठी ही मंडळी कदाचित चांगलं काम करत असतील. पण रिक्रिएशन, पार्क्स, स्पोर्ट मॅनेजमेंट, टुरिझम या गल्लीत यायचं असेल तर पूर्ण वाचा, कारण या विषयाचं गणितच वेगळंय आणि पॅकेज विकणाऱ्यांना ते माहितीच नसतं.

पॅकेजमध्ये काय काय: युनिव्हर्सिटी शॉर्टलिस्ट, एसओपी (हा कोर्स का करायचाय ते सांगणारा अर्जासोबतचा निबंध), रिझ्युमे, रेकमेंडेशनचं 'सहाय्य', पोर्टल भरून देणे, स्कॉलरशिप गायडन्स, व्हिसा. सगळ्या अर्जांच्या फी एकत्र केल्या तरी पॅकेज त्याहून महाग पडतं, एवढं सांगितलं की पुरे.

शॉर्टलिस्टपासून सुरू करू. पहिली यादी आली त्यात निम्मी हॉटेल मॅनेजमेंट आणि दोन चक्क एमबीए. कन्सल्टन्सीच्या मॅडमना म्हटलं, मला पार्कचा वापर कोण करतं आणि कोण करत नाही यावर काम करायचंय, हॉटेल चालवायचं नाहीये. त्या म्हणाल्या टुरिझम म्हणजे हॉस्पिटॅलिटीच ना सर. आता यात त्यांचा पूर्ण दोष नाही, कारण हा विषय प्रत्येक ठिकाणी वेगळ्या नावाखाली लपलेला असतो. इलिनॉय अर्बाना-शॅम्पेनला रिक्रिएशन, स्पोर्ट अँड टुरिझम असं सरळ नाव आहे आणि ते डिपार्टमेंट कॉलेज ऑफ अप्लाइड हेल्थ सायन्सेसमध्ये येतं, म्हणजे बिझनेस स्कूलमध्ये शोधत बसलात तर सापडणारच नाही. क्लेमसन आणि नॉर्थ कॅरोलायना स्टेटला पार्क्स, रिक्रिएशन अँड टुरिझम मॅनेजमेंट. पेन स्टेटला त्याच शब्दांचा क्रम बदललेला. ॲरिझोना स्टेटला तर स्कूल ऑफ कम्युनिटी रिसोर्सेस अँड डेव्हलपमेंट, आता यावरून कोणाला कळणार की आत पार्क आणि टुरिझम बसलंय! याउलट यूमास ॲमहर्स्टचं स्पोर्ट मॅनेजमेंट आयझेनबर्ग या बिझनेस स्कूलमध्ये आहे. ओहायो युनिव्हर्सिटीचा स्पोर्ट्स ॲडमिनिस्ट्रेशनचा कोर्स 1966 पासून चालू आहे, या प्रकारातला सगळ्यात जुना म्हणून तो ओळखला जातो, आणि तोही यादीत नव्हता. म्हणजे यादी करायला माणूस लागतो तो विषयातला, आणि इथे होता फिल्टर लावणारा.

वर ब्रोशरमध्ये 'फक्त ॲक्रेडिटेड प्रोग्राम्स' असं ठळक अक्षरात. या क्षेत्रात कोआप्रट नावाची मान्यता देणारी संस्था आहे हे खरं, पण ती बॅचलर्स प्रोग्रामना मान्यता देते, मास्टर्सला नाही. हे विचारल्यावर 'चेक करून सांगतो' झालं ते आजतागायत चेकच चाललंय.

आता एसओपी, इथे मात्र डोकं फिरलं.

मी लिहिलेल्या ड्राफ्टमध्ये एक परिच्छेद होता, की एकाच पार्कमध्ये सकाळी आणि संध्याकाळी येणारी माणसं मोजली, संध्याकाळी बायका एकदम कमी होतात, दिवे नसलेल्या ट्रॅकवर तर जवळपास नाहीतच, आणि हा फरक लेझर कन्स्ट्रेंट्सच्या चौकटीत कसा बघता येईल. ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी, माणूस फावल्या वेळात काही करत का नाही याची कारणं तीन प्रकारची धरतात: मनातली, सोबतीची आणि परिस्थितीची, आणि या विषयात हे अगदी पहिल्या सेमिस्टरचं वाचन आहे. एडिट होऊन ड्राफ्ट आला तेव्हा हा अख्खा परिच्छेद लाल रेघेने कापलेला, बाजूला कमेंट 'टू टेक्निकल, ॲड पॅशन'. आणि सुरुवातीला काय घातलं होतं तर मला लहानपणापासून प्रवासाची आणि खेळाची आवड आहे, आणि त्याखाली मंडेलांचं खेळावरचं ते सगळीकडे फिरणारं वाक्य. अहो, ॲडमिशन कमिटीने ते वाक्य किती वेळा वाचलं असेल याचा विचार तरी करा!

या डिपार्टमेंट्स छोट्या असतात, हे समजून घ्या. थीसिसवाल्या, म्हणजे प्रबंध लिहावा लागणाऱ्या मास्टर्सला किंवा पीएचडीला तुमचा अर्ज शेवटी कोणत्या तरी एका प्रोफेसरच्या टेबलावर जातो आणि त्याला प्रश्न एकच पडतो, या मुलाला मी गाइड करू शकतो का. तिथे कापलेला तोच परिच्छेद कामाचा असतो. मी मूळ ड्राफ्ट परत लावला आणि तोच पाठवला. नॉन-थीसिस किंवा प्रोफेशनल ट्रॅकला गाइडचा मुद्दा एवढा नसतो, तिथे कामाचा अनुभव, इव्हेंट, क्लब, पार्क्स विभागातली इंटर्नशिप हे जास्त बोलतं, पण तिथेही 'पॅशन' ऐवजी काय केलं ते लिहिलेलं बरं.

प्रोफेसरना आधी मेल करायचा असतो हे पॅकेजमध्ये कुठेच नव्हतं. मी माझे मी केले, छोटे, तीन-चार ओळींचे, तुमचं अमुक काम वाचलं, मला तमुक बघायचंय, पुढच्या वर्षी विद्यार्थी घेताय का. एकीने त्याच दिवशी उत्तर दिलं की या वर्षी नवीन कोणी घेत नाहीये, पण शेजारच्या केबिनमधल्या अमुकला विचार. फुकटात. एका अर्जाची फी वाचली, आणि ही फी काही थोडी नसते, इलिनॉयची आंतरराष्ट्रीय अर्जदारांसाठी 90 डॉलर आहे.

रेकमेंडेशनबद्दल थोडक्यात. 'सहाय्य' म्हणजे पत्रं आम्ही लिहून देतो, सरांची फक्त सही. सरळ नाही म्हटलं. पोर्टलवर पत्र वाचायचा हक्क सोडताय का असा एक प्रश्न येतो, विद्यार्थ्याला स्वतःची शैक्षणिक कागदपत्रं बघायचा हक्क देणाऱ्या 1974 च्या फर्पा कायद्यामुळे, त्यावर हो करायचं म्हणजे पत्र गोपनीय राहतं आणि वाचणाऱ्याला त्यावर विश्वास वाटतो. जे पत्र आपणच लिहिलंय त्याला गोपनीय कसलं डोंबलाचं.

पोर्टल भरून देण्याचे पैसे घेऊच नयेत असं माझं मत. नाव, पत्ता, मार्कशीट अपलोड, एवढंच असतं. जीआरई ही प्रवेश परीक्षाही आता बऱ्याच डिपार्टमेंट्सनी काढून टाकलीय किंवा ऐच्छिक केलीय, आधी डिपार्टमेंटचं पान बघा आणि मग परीक्षेची फी भरा. मला 'सेफ साइड' म्हणून द्यायला सांगत होते, आणि त्यांचाच जीआरईचा क्लास आहे हा निव्वळ योगायोग असावा.

स्कॉलरशिप गायडन्स म्हणजे वेबसाइट्सची एक एक्सेल शीट. या क्षेत्रात खरा पैसा असतो असिस्टंटशिपमध्ये. क्लास शिकवायला मदत, रिसर्चला मदत, किंवा कॅम्पस रिक्रिएशनमध्ये काम, म्हणजे जिम, इंट्राम्युरल (कॅम्पसमधल्याच विद्यार्थ्यांच्या आपापसातल्या) स्पर्धा, आउटडोअर ट्रिप्स. शेवटचा प्रकार लोकांना माहितीच नसतो कारण तो कधीकधी डिपार्टमेंटकडून मिळत नाही, कॅम्पस रेककडे वेगळा अर्ज आणि वेगळा इंटरव्ह्यू असतो. इलिनॉयमध्ये पूर्णवेळ कामाच्या 25 ते 67 टक्क्यांची अपॉइंटमेंट असेल तर ट्युशन माफ होते, 50 टक्के म्हणजे आठवड्याला 20 तास, आणि एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर सेमिस्टर चालू असताना कॅम्पसवर तेवढेच तास चालतात. प्रत्येक ठिकाणचे नियम वेगळे, पण विचारायचा प्रश्न हाच, रँकिंग नंतर.

ऑफर आल्यावर कन्सल्टन्सीचा रोज फोन, कन्फर्म करा, सीट जाईल. पैशांसकट आलेल्या ऑफरला 15 एप्रिलच्या आधी हो म्हणायची सक्ती करायची नाही असा कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्सचा ठराव आहे, बऱ्याच मोठ्या युनिव्हर्सिटीजनी तो मान्य केलाय. मी डिपार्टमेंटला विचारलं, ते म्हणाले आरामात सांग. घाई कोणाला होती ते समजून घ्या.

आता चांगलं काय ते. व्हिसावाले सर खरंच चांगले. आय-20, म्हणजे युनिव्हर्सिटी व्हिसासाठी देते तो फॉर्म, वाचायला शिकवलं, सेव्हिस या परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीचे 350 डॉलर वेगळे भरायचे असतात हे वेळेत सांगितलं, पैशांची कागदपत्रं नीट लावून घेतली. मॉक इंटरव्ह्यूत पहिलाच प्रश्न, रिक्रिएशनमध्ये मास्टर्स म्हणजे नक्की काय करणार? मी सुरू झालो लांबलचक, त्यांनी थांबवलं, दोन वाक्यांत सांगा. शहरं आणि पार्क विभाग लोकांसाठी सोयी कशा आखतात ते शिकणार, असं बसवून घेतलं आणि व्हिसा इंटरव्ह्यूच्या खिडकीवर खरंच तोच प्रश्न आला. आणखी एक गोष्ट त्यांनीच सांगितली जी बाकी कोणीही सांगितली नव्हती, की आय-20 वरचा सीआयपी कोड, म्हणजे विषयाचा सरकारी नंबर, बघा. रिक्रिएशन आणि स्पोर्ट मॅनेजमेंटचे नेहमीचे कोड स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) यादीत नाहीत, म्हणजे ओपीटी, डिग्रीनंतर तिथे काम करायची परवानगी, 12 महिन्यांचं, वरचे 24 महिने मिळत नाहीत. कर्ज काढून जाणाऱ्याने हे आधी कळून घ्यायला हवं, नंतर नाही. आणि पूर्ण ऑनलाइन मास्टर्स घेतलं तर त्यावर आय-20 मिळत नाही, हेही त्यांनीच सांगितलं, शॉर्टलिस्टमध्ये एक ऑनलाइन कोर्स होता म्हणून.

तर घ्यायचं का? फुल पॅकेज नाही. फक्त व्हिसाचं वेगळं मिळतं, विचारलं तरच सांगतात, ते घ्या. एसओपी त्याच विषयातल्या कोणा सीनियरला दाखवा, डिपार्टमेंटच्या पानावर सध्याच्या पीएचडीवाल्यांचे ईमेल असतात आणि बरेच जण उत्तर देतात. न वापरलेल्या जीआरई मॉड्यूलचा रिफंड मागितलाय, मिळाला तर इथे अपडेट टाकतो आणि अर्धा स्टार वाढवतो.