प्रीसेट की सर्व्हो? क्लास-डी मशीनचा डीसी ऑफसेट आणि लाइन ट्रान्सफॉर्मर

क्लास-डी मशीनच्या (स्विचिंगवर चालणाऱ्या अँप्लिफायरच्या) आउटपुटला डीसी येतोय, म्हणजे आवाज नसतानाही थोडं स्थिर व्होल्टेज (ऑफसेट) उरतंय; ते प्रीसेटने (हाताने फिरवायच्या छोट्या रेझिस्टरने) झिरो करू की सर्व्हो (ती चूक आपोआप भरून काढणारं सर्किट) बसवू, असं कुणी विचारलं की मी आधी उलट विचारतो: मशीनला पुढं काय जोडणार? घरात किंवा दुकानात दोन बॉक्स वाजवायचे असतील तर या भानगडीत पडूच नका. टीपीए ३११६ चिपसारखा ब्रिज आउटपुटचा, म्हणजे स्पीकरची दोन्ही टोकं चालवणारा बोर्ड घ्या. त्याची दोन्ही टोकं निम्म्या सप्लायवर बसतात, आणि दोन्हीकडची चूक सारखी असली तर स्पीकरला तिचा पत्ताही लागत नाही. इनपुटचे कपॅसिटर तेवढे काढू नका.

प्रश्न येतो तो आयआरएस २०९२ चिपवाल्या, दुहेरी सप्लायच्या हाफ ब्रिज (स्पीकरचं एकच टोक चालवणाऱ्या) मशीनचा. आपल्याकडे सप्ताहाला, यात्रेला अशी मशीन लाइन ट्रान्सफॉर्मर (लांब वायरसाठी व्होल्टेज चढवणारा) लावून हॉर्नवर चालवतात. रेल (सप्लायच्या दोन बाजू) अधिक-उणे ५० व्होल्ट धरा. ड्यूटी (वरचा स्विच चालू राहण्याचा वाटा) ५० ऐवजी ५०.१ टक्के झाली की आउटपुटला १०० मिलिव्होल्ट उभे राहतात. ८ ओहमच्या स्पीकरची कॉइल मीटरवर ६ ओहमच्या आसपास दाखवते, म्हणजे तिच्यातून सतरा-एक मिलिअँपिअर जाणार. त्यानं काही बिघडत नाही. पण ट्रान्सफॉर्मरची प्रायमरी (मशीनकडची गुंडाळी) ०.२ ओहमची असेल तर तेच १०० मिलिव्होल्ट अर्धा अँपिअर ढकलतात. त्याचा लोखंडी कोअर एका बाजूला सॅच्युरेट व्हायला (चुंबकत्वाने भरून जायला) लागतो, टोरॉइडल असेल तर आणखी लवकर. मग ट्रान्सफॉर्मर गुरगुरतो, कीर्तनकाराचा आवाज चढला की फाटतो आणि मॉस्फेट (आउटपुटचे स्विच) उगीच तापतात. म्हणून ‘५० मिलिव्होल्टपर्यंत चालतं’ हा नेहमीचा हिशोब स्पीकरपुरता ठीक आहे, ट्रान्सफॉर्मरला तो लावू नका.

प्रीसेटच्या बाजूने बरंच बोलता येईल. किरकोळ किमतीचा मल्टीटर्न प्रीसेट, त्याच्या दोन टोकांना झेनरने (व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या डायोडने) बांधलेले अधिक-उणे व्होल्टेज, मधल्या पायावरून एक मोठा रेझिस्टर समिंग पॉइंटला (इनपुट आणि फीडबॅक एकत्र येतात तिथं). इनपुट शॉर्ट करा, मीटर लावा, फिरवा, वर नेलपॉलिशचा थेंब. झालं. ध्वनीच्या मार्गात नवीन काही येत नाही आणि उद्या बिघडलं तर तालुक्याच्या गावातला कारागीरही दुरुस्त करेल. झेनर मात्र वाचवू नका. प्रीसेट थेट रेलवर टाकला तर जनरेटरवर दोन्ही रेल सारख्या बसत नाहीत, आणि झिरोही त्यांच्याबरोबर सरकतो.

माझं मन उडालं ते एकाच गोष्टीने: झिरो करायचं कोणत्या तापमानाला? परभणी-नांदेडकडं मे महिन्यात पारा ४२-४३ ला जातो आणि पेटीच्या आत त्याहून कितीतरी जास्त. मशीन तासभर वाजवून, तापवून झिरो केलं की गरम असताना छान राहतं. तेच मशीन डिसेंबरात माळेगावच्या यात्रेत पहाटे चालू करा. थंड मशीनचा ऑफसेट पुन्हा डोकं वर काढतो, ट्रान्सफॉर्मर गुरगुरतो आणि मशीन तापेपर्यंत गुरगुरतच राहतो. थंड असताना झिरो केलं तर दुपारी तेच उलट्या बाजूने. मधलं काहीतरी धरलं तर दोन्हीकडं थोडं थोडं. त्यात साउंडवाल्याकडचा एखादा पोरगा टेस्टर घालून प्रीसेट ‘जरासा’ फिरवतोच. टेबलावर आलेल्या मशीनमधलं नेलपॉलिश तडकलेलं दिसलं की काय झालं असेल ते विचारावं लागत नाही.

सर्व्हो म्हणजे ऑप-अँप (छोटी अँप्लिफायर चिप), रेझिस्टर आणि कपॅसिटर यांचा इंटिग्रेटर. तो ही चूक सतत बघत आणि भरत राहतो, त्यामुळं ऋतू कोणता याची त्याला फिकीर नसते. पण तो लाडावलेला जीव आहे, हेही सांगायला हवं. ऑप-अँप एफईटी इनपुटचाच हवा. त्याच्या २२० के रेझिस्टरवर एनई ५५३२ (एफईटी नसलेला ऑप-अँप) चा साधारण २०० नॅनोअँपिअरचा बायस करंटच (इनपुटच्या पायातून वाहणारा करंट) ४४ मिलिव्होल्टची चूक करून बसेल. एफईटी इनपुटच्या टीएल ०७२ मध्ये ती नगण्य. त्याचा स्वतःचा दोन-तीन मिलिव्होल्टचा ऑफसेट मात्र आउटपुटला उरतो. कपॅसिटर १ मायक्रोफॅरडचा फिल्मचा लावा, कारण इलेक्ट्रोलिटिकची गळती सगळं वाया घालवते. आणि सिग्नल आउटपुटच्या चोकच्या (कॉइलच्या) नंतरून, आणखी एका आरसी फिल्टरमधून घ्या. स्विचिंगचा शिल्लक रिपल ऑप-अँपमध्ये शिरला तर तो नसलेला डीसी ‘बघतो’ आणि असलेला वाढवतो.

पखवाज जोरात वाजून मशीन एका बाजूला क्लिप झालं (लाट वरून छाटली गेली) की सर्व्हो थोडा भरकटतो आणि सावकाश परत येतो. कानाला मला हे क्वचितच जाणवलं; सबवूफरवर कुणाला जाणवत असेल तर वाद घालणार नाही. खराब होत चाललेला पार्ट तो झाकून ठेवतो, हा आक्षेपही खरा आहे. म्हणून त्याची पकड मी मर्यादित ठेवतो: त्यानं पूर्ण जोर लावला तरी आउटपुट सव्वा व्होल्टपलीकडं हलू नये. अशी पकड ठेवली की २२० के आणि १ मायक्रोफॅरडला स्थिर व्हायला काही सेकंद लागतात, तेव्हा स्पीकर रिलेचा डिले तेवढा वाढवा.

हॉर्नला सिरीजमध्ये मोठा नॉन-पोलर कपॅसिटर टाकणारेही आहेत. नुसत्या भाषणाला चालून जातं, पण आपल्या उन्हात इलेक्ट्रोलिटिक लवकर सुकतात.

बजेट ताणलेलं असेल आणि मशीन एकाच हॉलमध्ये राहणार असेल तर प्रीसेट लावायला माझी हरकत नाही. गावोगाव फिरणाऱ्या मशीनला मी सर्व्होच लावतो. आयआरएस २०९२ चा समिंग पॉइंट इन्व्हर्टिंग आहे, म्हणजे तिथं दिलेलं व्होल्टेज आउटपुटला उलटं होतं; तेव्हा तिथं जोडणार असाल तर सर्व्होचा इंटिग्रेटर नॉन-इन्व्हर्टिंग (न उलटवणारा) हवा. पहिल्यांदा चालू करताना ट्रान्सफॉर्मर सोडवून ठेवा आणि फक्त मीटर लावा. आकडा कमी व्हायच्या ऐवजी एका बाजूला चढत गेला तर पोलॅरिटी उलटी झाली आहे.