स्टोरीवीव्हरवरची मराठी पुस्तके आणि अडखळत वाचणारा मुलगा : आठ महिन्यांनंतर

माझा धाकटा मुलगा गेल्या जूनमध्ये चौथीत गेला, तेव्हा त्याला अक्षरे येत होती, पण गोष्ट वाचता येत नव्हती. शब्दाचे पहिले अक्षर पाहून उरलेला शब्द तो अंदाजाने ठोकून देत असे. 'पावसाळा' लिहिलेले असले तरी 'पाळणा' म्हणून पुढे जाई आणि वाक्याचा अर्थ लागला नाही याचे त्याला काही वाटत नसे. आधी डोळे आणि कान तपासून घेतले. दोन्ही ठीक निघाले. त्यानंतर जानेवारीअखेरपर्यंत आम्ही 'प्रथम बुक्स' या मुलांची पुस्तके काढणाऱ्या प्रकाशनसंस्थेच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावरची मराठी पुस्तके जवळजवळ रोज वीस मिनिटे वाचली.

हे संकेतस्थळ 2015 पासून चालू आहे. त्यावरची पुस्तके मोफत वाचता येतात, उतरवून घेता येतात आणि मुक्त परवान्यामुळे त्यांच्या छापील प्रती काढायलाही हरकत नसते. पुस्तकांच्या चार पातळ्या आहेत : पहिली नुकते वाचू लागलेल्यांसाठी, दुसरी ओळखीचे शब्द वाचू शकणाऱ्या आणि नव्या शब्दांना मदत लागणाऱ्यांसाठी, तिसरी स्वतंत्रपणे वाचू पाहणाऱ्यांसाठी आणि चौथी सराईत वाचकांसाठी. चौथीतल्या मुलाला पहिल्या पातळीचे पुस्तक देताना माझ्याच मनाला लागले होते, हे कबूल करते. त्याला मात्र काहीच वाटले नाही, कारण पानावर दोनच ओळी होत्या आणि चित्र मोठे होते.

पातळी पाहून पुस्तक निवडावे, पण केवळ पातळीवर विसंबू नये, हे मला दोन महिन्यांनी उमगले. मराठीत शब्दाची अडचण त्याच्या पोटात असते. पानावर सहाच शब्द असले आणि त्यांतला एक 'झाडाखालच्या' असला, तर अडखळणाऱ्या मुलाला तो डोंगर वाटतो. मी बोटाने 'खालच्या' झाकून आधी 'झाडा' वाचायला लावले, की तोच शब्द त्याला सहज जमे. 'पिशवी'तली पहिली वेलांटी डोळ्यांना 'प'च्या आधी दिसते आणि तोंडात नंतर येते. 'र'चे तर विचारूच नका : सूर्य, चक्र, ट्रक आणि दऱ्या या चार शब्दांत तो चार वेगळ्या रूपांत येतो, आणि शुद्धलेखनाच्या वहीत ही रूपे घोटून घेतलेल्या मुलालाही ती गोष्टीच्या ओघात ओळखू येतीलच असे नाही. म्हणून मी पुस्तक देण्याआधी स्वतः मोठ्याने वाचून पाहू लागले. या संकेतस्थळावर कोणालाही पुस्तकाचे भाषांतर करता येते, त्यामुळे सगळ्या पुस्तकांची भाषा सारखी नसते. कोणती वाक्ये आपल्या घरच्या बोलण्यासारखी आहेत आणि कोणती मुलाच्या जिभेवर अडकतील, हेही त्या वाचनात कळते.

सुरुवातीला माझी मोठी चूक झाली. प्रत्येक अडलेल्या शब्दाला मी त्याला थांबवून अक्षरे जुळवायला लावत होते. शब्द वाचून होईपर्यंत वाक्याची सुरुवात तो विसरलेला असे आणि गोष्ट तिथेच संपे. पुढे आम्ही पद्धत बदलली. पहिल्या दिवशी पुस्तक मी वाचायचे, दुसऱ्या दिवशी दोघांनी एका सुरात वाचायचे, आणि त्याला एकट्याने वाचावेसे वाटले की त्याने पाटावर टिचकी मारायची, म्हणजे मी गप्प बसायचे. तो अडला तर मनात पाच आकडे मोजायचे, तरी जमले नाही तर शब्द सांगून टाकायचा आणि पुढे जायचे. गणेशोत्सवाच्या सुमारास टिचक्या वाढल्या. एकच पुस्तक तो चार-चार दिवस मागत असे. पाठांतर होते आहे अशी शंका आल्यावर मी त्यातली वाक्ये कागदावर उलटसुलट क्रमाने लिहून दिली, तर बहुतेक त्याने वाचली.

मोबाईलवर तो पाने सरकवण्यातच रमतो, असे दिसल्याने आम्ही कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानातून काळ्या-पांढऱ्या प्रती काढल्या आणि सासूबाईंनी त्या दाभणाने शिवून दिल्या. चित्रांचे रंग गेले, ते त्याने स्वतः भरले.

दिवाळीच्या सुट्टीत संकेतस्थळावरच्या चित्रसंग्रहातली चित्रे निवडून आम्ही आमच्या जिन्यात राहणाऱ्या मांजरीची आठ पानांची गोष्ट तयार केली. वाक्ये त्याने सांगायची आणि मी टंकायची, असे ठरले होते. चित्रातली मांजर पिवळसर आणि आमची काळी, यावर त्याने बराच वाद घातला. अखेरीस मांजर 'हळदीत लोळली' असे वाक्य त्यानेच सुचवले. 'हळदीत' हा शब्द त्यानंतर कुठेही आला तरी तो अडखळत नाही.

आज तो दुसऱ्या पातळीची पुस्तके एकट्याने वाचतो. परिसर अभ्यासाचा धडा मात्र अजून मदतीशिवाय होत नाही, आणि आठ महिन्यांत मूल वर्गाच्या बरोबरीला येईल अशी अपेक्षा ठेवणाऱ्यांनी हे आधीच ध्यानात घ्यावे. रोज वाचूनही अक्षरांची उलटापालट तशीच राहत असेल, तर नुसती पुस्तके बदलत बसण्यापेक्षा तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा, म्हणजे वाचन, लेखन किंवा गणित शिकताना येणाऱ्या कायमच्या अडचणीचा, समावेश आहे आणि तिचे निदान झाल्यास मुलाला सवलती मिळू शकतात.

तिसऱ्या पातळीचे पहिले पुस्तक गेल्या आठवड्यात उघडले. 'पानावर अक्षरांची मुंग्यांसारखी रांग आहे' म्हणून त्याने ते मिटून ठेवले. तूर्तास मी त्याच पुस्तकाची प्रत दुप्पट आकारात काढून आणली आहे, आणि पहिली चार पाने मीच वाचणार आहे.