स्विमिंग पूलची ‘परवानगी’ आणि ‘सेफ्टी’: इंदूरमध्ये आम्हाला असं फसवलं

इंदूरच्या बायपासकडच्या कॉलन्यांत अंगणात स्विमिंग पूल बांधून देणारे ठेकेदार हल्ली बरेच फिरतात. त्यांतल्या एकाने आम्हाला ज्या पद्धतीने लुबाडलं ती सगळ्यांना कळायलाच हवी.

कोटेशनमध्ये ‘निगम परवानगी’ आणि ‘सेफ्टी’ अशा दोन वेगळ्या रकमा होत्या. दोन्ही त्याने आधीच घेतल्या. थोड्याच दिवसांत शिक्का-सहीचा कागद हातात ठेवला, “दादा, आता निर्धास्त राहा.” टाइल्स लागल्या, पूल दिसायला देखणा झाला.

बिंग फुटलं ते मेहुण्यामुळे. तो विजेच्या कामातला. बोर्ड उघडताच त्याने सगळ्यांना पाण्यापासून लांब केलं. पाण्यातल्या दिव्यांना सरळ 230 व्होल्ट दिलेले! तिथे 12 व्होल्टचेच दिवे हवेत आणि त्यांचा ट्रान्सफॉर्मर पाण्यापासून दूर. बिलात 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळू लागताच सप्लाय तोडणारा स्विच, लावलेला होता, बोर्डावर मात्र नुसती एमसीबी. ती शॉर्टसर्किटला पडते, माणसाच्या अंगातून करंट गेला तर पडत नाही. वायरींचा जोड कडेच्या फरशीखाली निघाला, काळी चिकटपट्टी गुंडाळलेला आणि आतून ओला.

तळाला पंपाची जाळी एकच, तीही सपाट. मूल तिच्यावर बसलं तर पंपाच्या ओढीने जखडून जातं, केस अडकतात. अमेरिकेत 2002 मध्ये सात वर्षांची एक मुलगी अशीच गेली, 2007 मध्ये तिच्या नावाने कायदा झाला. म्हणून जाळ्या दोन हव्यात, एकमेकींपासून निदान तीन फुटांवर आणि फुगीर झाकणाच्या. चार फुटी कुंपण नाही, आपोआप मिटणारं फाटक नाही. ‘सेफ्टी’च्या नावाखाली भिंतीला एक रबरी रिंग टांगलेली. घरात लहान भाचरं येतात, हे त्या माणसाला ठाऊक होतं. पैशांपेक्षा मला याचाच संताप जास्त आहे.

कागद घेऊन नगर निगमच्या, म्हणजे महापालिकेच्या, झोन ऑफिसात गेलो. तिथल्या इंजिनिअरने नंबर टाकून पाहिला, तर तो भलत्याच प्लॉटचा. आमच्या मंजूर नक्शात पूल नव्हताच. सुधारित नक्शा दाखलच केलेला नव्हता आणि फीची पावतीही नव्हती. खरी परवानगी ऑनलाइन नोंदीत दिसते, तेव्हा ठेकेदाराने दिलेल्या छापील कागदावर जाऊ नका, नोंद स्वतः उघडून बघा. आपल्याच शहरात 30 मार्च 2023 ला, रामनवमीच्या दिवशी, मंदिरातल्या जुन्या बावडीवरचा (पायऱ्यांच्या विहिरीवरचा) स्लॅब खचून 36 माणसं गेली. त्यानंतरही लोक पाण्याच्या बांधकामाचे खोटे कागद विकतात!

आणखी एक. माळव्याची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या सहीचं ड्रॉइंग घेतल्याशिवाय खड्डा खणू देऊ नका. आमच्याकडे तेही नव्हतं. पाणी भरलं की यातलं काहीच दिसत नाही, म्हणून शेवटचा हप्ता पूल कोरडा असतानाच सगळं तपासून द्या. आरसीसीबीवरचं टेस्टचं बटण दाबून सप्लाय बंद होतो का तेही बघा.

फसवणूक आणि बनावट कागद, दोन्हींची तक्रार पोलिसांत दिली आहे. सेवेतल्या खोटेपणाबद्दल जिल्हा ग्राहक आयोगातही अर्ज केला आहे. त्याची मुदत दोन वर्षांची असते, आणि सल्ला हवा असेल तर 1915 ही ग्राहक हेल्पलाइन आहे. कोटेशन, व्हॉट्सअॅपवरचे मेसेज आणि बँकेचे व्यवहार जपून ठेवले, म्हणूनच दोन्ही ठिकाणी आमच्या बाजूने दाखवायला काहीतरी आहे.