इंग्रजी वाक्यांचा सरकपट्टी तक्ता : आठ महिन्यांनंतर

गेल्या जूनमध्ये शाळा उघडायच्या आठवड्यात सांगलीत गणपती पेठेतल्या एका दुकानातून हा तक्ता घेतला, ३४० रुपयांना. लेक सहावीत आहे, सेमी इंग्रजीत. तिच्या वहीतल्या लाल खुणा बहुतेक एकाच जागी असायच्या : 'माय', 'हिज', 'देअर' असले मालकीचे शब्द आणि त्यांच्या पुढचं नाम, म्हणजे 'एस' लावायचा की नाही. रोज संध्याकाळी अर्धा तास गल्लीतली आणखी तीन मुलं तिच्यासोबत बसतात, म्हणून चार मुलांवर वापरून मग लिहितेय.

जाड पुठ्ठा, त्याला पाच खिडक्या, प्रत्येक खिडकीमागे वरखाली सरकणारी पट्टी. मालकीचा शब्द, संख्या, नाम, क्रियापद आणि उरलेलं वाक्य. पट्ट्या सरकवल्या की 'माय टू ब्रदर्स आर इन मिरज' जुळतं. कल्पना जुनी आहे. हॅरोल्ड पामर नावाच्या इंग्रज शिक्षकाने १९१६ सालीच असे शंभर तक्ते छापले होते. मला यातलं सगळ्यात आवडलेलं म्हणजे चुकीचं वाक्यही जुळू शकतं. 'माय टू ब्रदर इज' खिडकीत दिसलं की मुलं एकमेकांना अडवतात, मला बोलावं लागत नाही.

सोपा भाग आधी. मराठीत माझा, माझी, माझं, माझे, माझ्या. वस्तू बदलली की शब्द बदलतो. इंग्रजीत 'माय' जागचा हलत नाही. हे मुलांना आठवड्यात जमलं. 'धिस बुक इज माय' मात्र दिवाळीपर्यंत टिकलं, कारण आपलं 'माझं' नामाशिवाय एकटंही उभं राहतं आणि इंग्रजीला तिथे 'माइन' लागतं.

खरी अडचण मला जुलैत कळली. लेकीने लिहिलं होतं, 'माय ग्रँडफादर लॉस्ट देअर स्पेक्टॅकल्स.' मी 'हिज' कर म्हटलं, तर ती रुसून म्हणाली, "आई, 'हिज' म्हणजे 'त्याचा'. आजोबांना 'त्याचा' म्हणू?"

तिचं चुकलं नव्हतं. आपण 'आजोबांनी त्यांचा चष्मा हरवला' म्हणतो, 'वडील आले' म्हणतो. एकाच माणसाला अनेकवचन, आदरासाठी. मूल ते अनेकवचन जसंच्या तसं इंग्रजीत नेतं आणि 'माय फादर आर' लिहितं. शाळेत त्यावर फुली पडते, पण चूक कुठून आली ते कोणी सांगत नाही. मी तिला सांगितलं की इंग्रजीत आदर या शब्दात ठेवत नाहीत, राजालाही 'हिज'च लागतं. इंग्रजीतही एकेकाळी तू-तुम्ही होतं. 'दाऊ' म्हणजे तू, आणि मोठ्या माणसाला, तो एकटा असला तरी, 'यू'. १७व्या शतकात 'दाऊ' रोजच्या बोलण्यातून मागे पडत गेलं, म्हणून आज आजोबांनाही 'युअर' आणि मैत्रिणीलाही 'युअर'. हे ऐकल्यावर तिने 'हिज' लिहिलं. नुसतं 'नियम आहे' म्हणून तिने ते लिहिलं नसतं.

त्या वाक्यात दुसराही खड्डा होता. चष्मा आपल्याकडे एक, इंग्रजीत कायम अनेकवचनी. कात्री आणि पँटचंही तसंच.

तक्त्यात ज्याचा मागमूस नाही असा शब्द म्हणजे 'आपला'. 'तिने आपलं दप्तर उघडलं' याचं तिघांनी 'शी ओपन्ड अवर बॅग' केलं होतं. 'आपलं' म्हणजे 'अवर' हे त्यांच्या डोक्यात पक्कं. इथे 'आपलं' म्हणजे ज्याने काम केलं त्याचंच. इंग्रजीत त्यासाठी वेगळा शब्द नाही, कर्त्याकडे बघून 'हिज', 'हर', 'देअर' निवडावा लागतो. मी 'आपला' लिहिलेली पट्टी घरी तयार केली आणि तिच्याशेजारी 'कोणी केलं?' एवढाच प्रश्न लिहिला. महिनाभरात दप्तरं ज्याच्या त्याच्याकडे गेली.

अनेकवचनाबद्दल तक्त्यातली पुस्तिका म्हणते, 'एकापेक्षा जास्त असेल तर एस लावा.' एवढंच. पण मराठीत एक हात, दोन हात. एक मित्र, दहा मित्र. एक शाळा, चार शाळा. कितीतरी नामं बदलतच नाहीत, मग मूल 'टेन फ्रेंड' लिहिणारच. तरी आपलं अनेकवचन लपलेलं असतं आणि प्रत्यय लागला की बाहेर येतं : मित्राचा, मित्रांचा. तो एक अनुस्वार. 'वन ऑफ माय फ्रेंड' लिहिणाऱ्या मुलाला मी 'मित्रांपैकी एक' मोठ्याने म्हणायला लावते आणि अनुस्वार ऐकू आला का विचारते.

इथून अपॉस्ट्रॉफी, म्हणजे इंग्रजीत अक्षराच्या डोक्याशी येणारं स्वल्पविरामासारखं टिंब, कळायला लागली. 'बॉइज' कानाला तिन्ही प्रकारे सारखंच ऐकू येतं : मुलगे, मुलाचा, मुलांचा. फरक फक्त लिहिताना. टिंब 'एस'च्या आधी आलं तर मुलाचा, नंतर आलं तर मुलांचा. आपल्याकडे जे काम अनुस्वार करतो, ते तिकडे त्या टिंबाची जागा करते. 'चिल्ड्रन'सारखा शब्द आधीच अनेकवचनी, त्याला 'एस' नाही, म्हणून तिथे टिंब पुन्हा 'एस'च्या आधी. आणि 'हर्स', 'अवर्स', 'देअर्स' यांना टिंबच नाही, कारण मालकी त्यांच्यात आधीच आहे. 'इट्स'चंही तेच, टिंब दिलं की ते 'इट इज' होतं.

मी मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर हिशेब लिहिते, अधूनमधून इंग्रजीत मेल पाठवावा लागतो. तिथली माझी जुनी चूक या तक्त्यामुळे सुटली. ५० पोती 'फिफ्टी बॅग्ज', पण ५० किलोचं पोतं 'फिफ्टी-किलो बॅग'. दहा रुपयांची नोट 'टेन-रुपी नोट'. मोजमाप नामाच्या आधी विशेषण होऊन बसलं की त्याचं अनेकवचन होत नाही. मराठीत 'रुपयांची' म्हणायची सवय असल्याने हात आपोआप 'एस'कडे जातो. हळदीला स्वतःला 'एस' नाहीच, पोत्यांना आहे.

आता तक्रारी. ऑगस्टच्या पावसात पट्ट्या ओल धरून फुगल्या, दोन फाटल्या; जुन्या फाइलीचं प्लास्टिक कापून नव्या केल्या. उत्तरांच्या पानावर 'मुलींची शाळा' याचं टिंब 'एस'च्या आधी छापलंय, म्हणजे सगळी शाळा एकाच मुलीची झाली. प्रकाशकाला फोन केला, पुढच्या आवृत्तीत बघू म्हणाले. जे शिकवायला वस्तू विकताय तेच चुकीचं छापलंय, याचा मला राग आला आणि अजून आहे. शिवाय 'देअर' फक्त अनेकांसाठी, असं ठाम लिहिलंय. मुलगा की मुलगी माहीत नसेल तेव्हा इंग्रजीत एकट्या माणसालाही 'देअर' म्हणतात, १४व्या शतकापासून म्हणत आलेत. आजोबांच्या 'देअर'पेक्षा हे वेगळं आहे, पण एवढा फरक पाचवी-सहावीच्या मुलांना समजतो.

घ्यावा का? घरात कोणी सोबत बसणार असेल तर घ्या. मुलाच्या हातात नुसता देणार असाल तर ३४० रुपये वह्यांवर खर्च करा. चौथीच्या आतल्या मुलांना पाच खिडक्या जास्त होतात. मी त्यांच्यासाठी शेवटच्या दोन कागदाने झाकते.

सध्या चारपैकी दोघांचं 'वन ऑफ माय फ्रेंड' अजून होतं. या आठवड्यात त्या दोघांसाठी नवी पट्टी करतेय : एका बाजूला मित्रांपैकी, बहिणींपैकी, पोत्यांपैकी, अनुस्वार लाल शाईने, दुसऱ्या बाजूला तीच इंग्रजी नामं, 'एस' लाल शाईने.