क्यूनीचा एसॅप कार्यक्रम: घरातलं पहिलंच मूल कॉलेजात जाणार असेल तर

न्यूयॉर्क शहरात राहणाऱ्या, आणि ज्यांच्या घरात आजवर कुणीच पदवीपर्यंत पोचलेलं नाही, अशा मराठी आईवडिलांसाठी हे लिहिते आहे. अमेरिकेतल्या कॉलेजांबद्दल मराठीत जे लिहिलं जातं ते बहुतेक एम.एस.ला येणाऱ्या मुलांसाठी, नाहीतर न्यू जर्सीतल्या इंजिनिअर घरांसाठी असतं. आमचं घर तसं नाही. मी इचलकरंजीची, बारावी झालेली, जॅक्सन हाइट्समधल्या एका औषधांच्या दुकानात काउंटरवर असते. आमचे हे आयटीआय फिटर, इथे एका मोठ्या इमारतीचे बॉयलर सांभाळतात. नणंदेनं भावासाठी केलेल्या अर्जाचा नंबर लागायला बारा-तेरा वर्षं गेली, मग आम्ही आलो. थोरली लेक इथल्या हायस्कूलमधून बाहेर पडली आणि २०२४ च्या फॉल सेमिस्टरला क्वीन्समधल्या एका कम्युनिटी कॉलेजात एसॅपमधून दाखल झाली.

क्यूनी म्हणजे शहराचं सरकारी विद्यापीठ. त्याच्या कम्युनिटी कॉलेजांत दोन वर्षांची असोसिएट पदवी मिळते. कागदावर दोन वर्षांची, पण कित्येक मुलांना चार-पाच वर्षं लागतात आणि कित्येकांची ती होतच नाही. हे बदलायचं म्हणून २००७ मध्ये एसॅप सुरू झाला. मुलानं पूर्णवेळ शिकायचं, दर सेमिस्टरला किमान १२ क्रेडिट घ्यायचे (क्रेडिट म्हणजे प्रत्येक विषयाला ठरवून दिलेलं माप), आणि कार्यक्रमानं त्याला तीन वर्षांच्या आत पदवीपर्यंत न्यायचं. फीसाठी आर्थिक मदत घेणाऱ्या मुलांना ती मदत पुरली नाही तर उरलेली फी माफ होते, पुस्तकांना मदत मिळते, दर महिन्याला मेट्रोचा पास मिळतो आणि एक ठरलेला सल्लागार मिळतो.

फीपासून सुरुवात करते, कारण आपल्या घरांत पहिली धास्ती तिचीच असते. न्यूयॉर्कच्या रहिवाशाला कम्युनिटी कॉलेजची वर्षाची फी ४,८०० डॉलर आहे. केंद्र सरकारचं पेल अनुदान जास्तीत जास्त ७,३९५ डॉलर मिळतं, शिवाय राज्याचं टॅप हे अनुदान वेगळं. म्हणजे आमच्यासारख्या मिळकतीच्या घरात फी बहुधा या पैशांतूनच निघते. तरीही मुलं गळतात, ती वरच्या खर्चांमुळे. लेक कॉलेजात गेली तेव्हा महिन्याचा मेट्रो पास १३२ डॉलरचा होता. एका विषयाचं पुस्तक, वर त्याच्या ऑनलाइन गृहपाठासाठी वेगळा विकत घ्यायचा कोड. घरभाडं भरून झाल्यावर महिन्याच्या शेवटी हे पैसे उभे करायचे असतील तर मूल आधी एखादं लेक्चर बुडवतं, मग एक दिवस, मग दुकानातली शिफ्ट वाढवून घेतं. आमच्या दुकानात अशी मुलं मी पाहिली आहेत. हुशार मुलं. त्यांचं कॉलेज कुणी बंद केलं नाही, ते पासाच्या पैशात अडकलं आणि सुटलं. म्हणून एसॅपमधला पास मला फार मोलाचा वाटतो. शिवाय तो सल्लागाराच्या भेटीशी जोडलेला आहे. भेटी चुकवल्या की पास अडतो. पासासाठी का होईना, मूल त्या खोलीत जातं.

आणि खरं काम त्या खोलीत होतं.

लेकीच्या सल्लागार बाई डॉमिनिकन घरातल्या, स्वतः त्यांच्या घरात पहिल्या शिकलेल्या. पहिल्या सेमिस्टरमध्ये गणिताच्या मिडटर्ममध्ये लेकीला फार कमी गुण पडले. तिनं घरी काही सांगितलं नव्हतं. विषय गुपचूप सोडून द्यायचा असं तिनं ठरवलं होतं, आणि आम्हाला विचारलं असतं तर आम्हीही मायेपोटी "जमत नसेल तर सोड बाळा, पुढच्या वेळी घे" हेच म्हटलं असतं. दुसऱ्या कुणी काय सांगणार होतं घरात? पण बाईंचा निरोप आधी आला: भेटायला ये. त्यांनी तिला मांडून दाखवलं की हा विषय सोडला तर तुझे क्रेडिट १२ च्या खाली जातील. मग टॅप धोक्यात येईल, एसॅपमधली जागाही. हा विषय पुढच्या ज्या दोन विषयांच्या आधी लागतो ते पुढे ढकलले जातील आणि एक अख्खं वर्ष वाढेल. मग कॉलेजातल्या मोफत शिकवणीचे वार ठरवून दिले, प्राध्यापकांना भेटायची वेळ काढून दिली, आणि दोन आठवड्यांनी "गेली होतीस का?" म्हणून विचारलं. त्या विषयात ती पास झाली. बी मायनस मिळाला. तो बी मायनस मला तिच्या सगळ्या ए पेक्षा जास्त प्रिय आहे.

दुसरी गोष्ट लहान वाटेल. त्याच डिसेंबरात माझ्या भाच्याचं लग्न कोल्हापूरला होतं आणि आम्ही तिकिटं बघत होतो. लेकीनं बाईंना सहज सांगितलं. त्यांनी परीक्षांचा आठवडा दाखवला आणि म्हणाल्या, हा आधी वहीत लिही, मग विमान. लेक मागाहून निघाली, हळदीला नव्हती पण लग्नाला पोचली. लग्न म्हटलं की शाळा-कॉलेज बाजूला ठेवायची आपली रीत आहे. इथे त्या आठवड्यात परीक्षा चुकली की नापास व्हायची वेळ येते, आणि हे अगोदर सांगणारं कुणीतरी असावं लागतं.

जिथे आईवडिलांनी कॉलेज पाहिलेलं असतं तिथे हे सगळं जेवताना बोलण्याबोलण्यात मुलांच्या कानावर पडतं. आमच्या लेकीला काय विचारायचं हेच ठाऊक नव्हतं, आणि तिच्या वर्गातल्या बांगलादेशी, नेपाळी, इक्वाडोरच्या, कृष्णवर्णीय मुलांपैकी पुष्कळांचं तेच होतं. अशा मुलांना "अडलं तर आमच्याकडे या" असं सांगून भागत नाही. अडलंय हेच त्यांना उशिरा कळतं. मदत त्यांच्याकडे न बोलावता चालत आली पाहिजे, आणि ती दर वेळी त्याच माणसाकडून आली पाहिजे. माझे वडील साताऱ्याला रयतच्या बोर्डिंगात शिकले, त्यांच्या घरातले पहिले. ते सांगायचे, रेक्टर रात्री कंदील घेऊन फिरायचे, कोण जेवलं नाही, कोण रडतंय, कुणाचं पुस्तक हरवलंय, बघत. भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत काढली तेव्हाच त्यांनी हे ओळखलं होतं की पहिल्या पिढीच्या पोराला नुसता शाळेचा दाखला पुरत नाही. एसॅपमध्ये मला तीच नजर दिसली.

माझ्या एकटीच्या अनुभवावर विसंबू नका. एमडीआरसी नावाच्या संशोधन संस्थेनं क्यूनीच्या तीन कॉलेजांत चिठ्ठ्या टाकाव्यात तशी मुलांची विभागणी केली, काहींना एसॅप आणि काहींना नेहमीची व्यवस्था. सगळी कमी उत्पन्नाच्या घरांतली, आणि इंग्रजी किंवा गणिताचे पायाभूत वर्ग लागणारी. तीन वर्षांनी एसॅपमधल्या ४० टक्के मुलांच्या हातात पदवी होती, दुसऱ्या गटात २२ टक्के. त्या काळात एसॅपच्या एका सल्लागाराकडे ६० ते ८० मुलं असायची, कॉलेजच्या नेहमीच्या सल्लागाराकडे ६०० ते १,५००. हजार मुलांतल्या माझ्या लेकीचा मिडटर्म कोण बघणार होतं? पुढे ओहायोतल्या तीन कॉलेजांनी हीच पद्धत उचलली आणि तिथेही पदव्या वाढल्या.

उणिवाही सांगते. पूर्णवेळ शिकण्याची अट कडक आहे. ज्या मुलाच्या पगारावर घर चालतं, ज्याला दिवसा आठ तास काम करावंच लागतं, त्याच्यासाठी हा कार्यक्रम नाही, आणि मदतीची सर्वांत जास्त गरज कदाचित त्यालाच असते. हे मला खरंच बोचतं. सगळे अभ्यासक्रम यात येत नाहीत. १५ पेक्षा जास्त क्रेडिट आधीच झाले असतील तर दार बंद, म्हणजे एक वर्ष धडपडून मग कळलं तर उपयोग नाही. आणि घरभाडं, जेवण, धाकट्या भावंडांना सांभाळणं यांना यात उत्तर नाही.

आईवडिलांनी आणखी एक गोष्ट मनाशी धरावी. कॉलेज मुलाशी बोलतं, आपल्याशी नाही. १९७४ च्या कायद्यानं कॉलेजातल्या मुलाचे गुण त्याच्या परवानगीशिवाय साधारणपणे आईवडिलांनाही सांगत नाहीत. मला सुरुवातीला हे जड गेलं. आता लेक स्वतः बाईंच्या खोलीतून आली की मला सांगते, आणि ते मला पुरतं.

मंडळाच्या गणपतीत लोक विचारतात, "कुठल्या युनिव्हर्सिटीत?" कम्युनिटी कॉलेज म्हटलं की समोरचा गप्प होतो. माझ्याकडे त्याचं उत्तर आहे. १९६९ मध्ये सिटी कॉलेजात कृष्णवर्णीय आणि पोर्टो रिकन मुलांनी आवार अडवून धरलं, आमच्या वस्त्यांतल्या मुलांना आत घ्या म्हणून. त्यानंतर १९७० पासून क्यूनीची दारं शहरातल्या प्रत्येक हायस्कूल पास मुलासाठी उघडली. त्याआधी, १९६६ मध्ये, गरीब घरांतल्या मुलांना आधार देत शिकवणारा सीक हा कार्यक्रम राज्यानं कायद्यानं उभा केला होता, तो आजही चार वर्षांच्या कॉलेजांत आहे. माझी लेक ज्या बाकावर बसते तो त्या मुलांनी मिळवलेला आहे. त्यात खाली बघण्यासारखं काय आहे? असोसिएट झाल्यावर ती क्यूनीच्याच चार वर्षांच्या कॉलेजात जाईल. २०१३ पासून सर्वसाधारण विषयांचे क्रेडिट क्यूनीत सगळीकडे धरले जातात. मुख्य विषयाचे मात्र गळू शकतात, म्हणून कुठे जायचं ते पहिल्याच वर्षी सल्लागाराशी बोलून ठेवा.

एका खासगी सल्लागारानं आमच्याकडे नुसता फाफ्सा, म्हणजे केंद्र सरकारच्या आर्थिक मदतीचा अर्ज, भरून द्यायला पैसे मागितले होते. फाफ्सा फुकट आहे, आणि तो भरायला हायस्कूलच्या काउन्सिलर मदत करतात. एरवी तो १ ऑक्टोबरच्या सुमारास उघडतो, तेव्हाच भरा. त्यासाठी आई किंवा वडिलांचं स्वतःचं वेगळं ऑनलाइन खातं काढावं लागतं, ते सप्टेंबरातच काढून ठेवा.

आणि एसॅप आपोआप मिळत नाही. क्यूनीचा प्रवेश आला म्हणजे एसॅप आला असं नव्हे. कॉलेजची जागा स्वीकारली की एसॅपचा अर्ज वेगळा करायचा. जागा भरतात, म्हणून वसंतातच करा. आपल्या मुलाचा अभ्यासक्रम त्यांच्या यादीत आहे का, हे जागा स्वीकारण्याआधी फोन करून विचारा. इंग्रजी अडलं तर दुभाषी मागा, संकोच करू नका.