आयडब्ल्यूएफचं रिपोर्टिंग पोर्टल वापरलं, कसं वाटलं

एका साध्या व्हिडिओखाली कमेंटमध्ये कुणीतरी लिंक टाकलेली, थंबनेलवरूनच कळत होतं की लहान मुलांच्या लैंगिक शोषणाचा प्रकार आहे. ॲपवर रिपोर्ट केलं तर उत्तर काय आलं, 'आमच्या नियमांचं उल्लंघन आढळलं नाही'. डोकंच फिरलं. बालहक्कांचं काम करणाऱ्या एका मैत्रिणीने मग इंटरनेट वॉच फाउंडेशनचं, म्हणजे आयडब्ल्यूएफचं पोर्टल सांगितलं. इंटरनेटवरून असं साहित्य हटवायचं काम करणारी ही संस्था ब्रिटनची, 1996 पासूनची, आणि भारतासाठीचं पोर्टल 2016 मध्ये मुंबईच्या आरंभ इंडिया ह्या संस्थेबरोबर सुरू झालंय.

फॉर्म अगदी सोपा. लिंक पेस्ट करायची बस, नाव नाही दिलं तरी चालतं, पण ईमेल दिला तरच पुढे काय झालं ते कळवतात, म्हणून मी दिला. उत्तर आलं, मोजकंच, पण माणसाने तपासून दिलेलं.

आतलं काम मला सगळ्यात आवडलं. प्रत्येक रिपोर्ट ट्रेनिंग घेतलेला ॲनालिस्ट स्वतः बघतो (रोज हे बघणं सोपं नाही, त्यांना काउन्सेलिंग सक्तीचं आहे), मग सर्व्हर कुठल्या देशात आहे ते शोधतात, ब्रिटनमध्ये असेल तर कंपनीला काढायची नोटीस, बाहेर असेल तर इनहोप नेटवर्कमधून (अशाच तक्रारी घेणाऱ्या देशोदेशींच्या हॉटलाइन्सचं जाळं) त्या देशाच्या हॉटलाइनला किंवा तिथल्या पोलिसांना. तोवर ती लिंक इंटरनेट कंपन्यांनी ब्लॉक करायच्या यादीत जाते, आणि फोटोचा हॅश, म्हणजे डिजिटल ठसा, बनवून ठेवतात, त्यामुळे तोच फोटो दुसरीकडे कुणी अपलोड केला तरी पकडता येतो. 2024 मध्ये 2,91,273 वेबपेजेसवर असं साहित्य किंवा त्याच्या लिंक आहेत हे त्यांनी तपासून नक्की केलं. हे वाचून मी बराच वेळ सुन्न होते.

आता कमी काय ते. व्हॉट्सॲप ग्रुपवर आलेल्या क्लिपला उघड लिंकच नसते, तिथे ह्या पोर्टलचा उपयोग नाही, त्यासाठी केंद्र सरकारचं नॅशनल सायबर क्राईम रिपोर्टिंग पोर्टल आहे, तिथेही नाव न देता तक्रार करता येते. आणि काय ब्लॉक करायचं हे एक खाजगी संस्था ठरवते हेही लक्षात असू द्या. 2008 मध्ये गाण्यांच्या एका जुन्या अल्बमच्या कव्हरवरच्या मुलीच्या नग्न फोटोवरून विकिपीडियाचं पान त्यांनी यादीत टाकलं, इंटरनेट कंपन्यांनी ते ब्लॉक केल्यावर ब्रिटनमध्ये खूप लोकांना विकिपीडिया एडिट करता येईना, शेवटी काही दिवसांत निर्णय मागे घेतला. निर्णयाविरुद्ध अपील करायची सोय आहे हे बरंय, ती असायलाच हवी.

एक मात्र हात जोडून सांगते, 'ह्या नराधमाला पकडून द्या, सगळ्यांना पाठवा' म्हणत असली क्लिप सोसायटीच्या ग्रुपवर टाकू नका. हेतू कितीही चांगला असू दे, पॉक्सो आणि आयटी ॲक्टच्या 67बी खाली तो गुन्हा आहे, आणि त्या लेकराचे हाल तुमच्या हातून आणखी शंभर जणांपर्यंत पोचतात. पुरावा म्हणून स्क्रीनशॉटसुद्धा काढून ठेवू नका, लिंक तेवढी द्या.

आणि तुमच्याच मुलामुलीचा नग्न फोटो कुणाकडे अडकला असेल तर 'टेक इट डाउन' ही ऑनलाइन सेवा बघा, अठराच्या आतल्या मुलांच्या फोटोंसाठी आहे, फुकट आहे, फोटो फोनमधून बाहेर जात नाही, फक्त हॅश जातो. मुलांना आधी जवळ घ्या, ओरडू नका, आणि मग हे सोबत बसून करा.