सिंगलटनचं वील्ड अँड डाउनलँड म्युझियम: सुताराच्या लेकीनं पाहिलेलं

मी सुताराची लेक. वाळवा तालुक्यात दादांचं काम चालायचं. मोठ्या करवतीचं दुसरं टोक धरायला गडी आला नाही की मला हाक. म्हणून पोर्ट्समथला लेकीकडे गेल्यावर लंडन राहू दे, आधी सुताराचा कारखाना दाखव म्हटलं.

चिचेस्टरहून मिडहर्स्टकडे जाणारी ६० नंबरची बस सिंगलटनला सोडते. म्युझियम १९७० सालापासूनचं. धरणात बुडणारी, पाडायला काढलेली जुनी घरं वासान् वासा सुटा करून इथं आणून पुन्हा जोडलीत. पन्नासाच्या वर आहेत.

सुताराचा कारखाना सरे परगण्यातल्या विंडलशॅम गावचा, एकोणिसाव्या शतकातला. दादा जमिनीवर बसून, लाकूड पायानं दाबून रंधा मारायचे. हा सुतार बाकाशी उभा, लाकूड शेगड्यात, म्हणजे बाकाच्या पकडीत, आवळलेलं. दादांची कंबर आठवली. बाकी रंधा, पटाशी, गुण्या बघून परकं काहीच वाटलं नाही.

या माणसाकडं गावाचं सगळंच यायचं: दारं-खिडक्या, शिड्या, शेताची फाटकं आणि शवपेट्यासुद्धा. कुणी गेलं की माप घ्यायला सुतारच. पेटीला बहुधा एल्मच्या फळ्या, कारण ते लाकूड सहजी फुटत नाही. पोरगं चौदाच्या आसपास उमेदवारीला लागलं की सात वर्षं उस्तादाच्या हाताखाली. आमच्याकडं उमेदवारी वगैरे काही नव्हती. रांगायला लागलं की भुशातच.

शेफील्ड पार्कहून आणलेल्या शेडखाली लाकूड कापायचा खड्डा आहे. तिथं मी सगळ्यात जास्त वेळ थांबले. ओंडका खड्ड्यावर आडवा, एक माणूस वर, एक खाली. वरचा रेघ सांभाळणार, खालच्याच्या डोळ्यांत भुसा. लेक म्हणाली, "आई, म्हणजे तू खालची."

कारखान्यात बाईमाणूस कुठं दिसायचं? त्यासाठी अ‍ॅशटेडहून आणलेली व्हिटेकर कॉटेजेस बघा. १८६० च्या दशकातली जोडघरं, खाली दोन खोल्या, वर दोन. ती सुताराची नव्हेत, पण त्या काळच्या कष्टकऱ्याचा संसार किती जागेत मावायचा ते कळतं. एक घर १८९० च्या सुमाराच्या सामानानं मांडलंय. एकाच विस्तवावर स्वयंपाक, इस्त्री, अंघोळीचं पाणी. ते पेटवायला सुताराच्या बायकोला रंध्याची सालपटं तरी फुकट मिळत असतील. आमची चूल त्यावरच पेटायची. दुसऱ्या घराचा लाकडी सांगाडा उघडाच ठेवलाय. सुतारकी कळणाऱ्यानं तो चुकवू नये.

चढउतार बराच आहे, गुडघे दुखणाऱ्यांनी काठी न्यावी. अख्खा दिवस हवा. तिकिटाचं विचारू नका, लेकीनं मला आकडा सांगितलाच नाही. निघताना पाणचक्कीवर दळलेलं पीठ घेतलं. चपात्या जरा जाड झाल्या, पण जावई चार खाऊन उठला.